जारा लाकडातली बाई

मी इथे परदेशात, हिल्सबरोतल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे सत्तरीचे एक आजोबा आखडलेला खांदा घेऊन आले. मूळचे पर्थचे. त्यांच्याकडचं जारा नावाचं लालसर, दगडासारखं टणक लाकूड ते इथल्या रेल्वे रुळांखालच्या जुन्या स्लीपरांतून मिळवत आणि त्यातून माणसं कोरत. खांदा मोकळा झाल्यावर त्यांनी मला त्यांचं गराज बघायला बोलावलं.

फळीवर वीतभर उंचीची वीसेक माणसं उभी होती. मी बराच वेळ बघत राहिले.

"मनात आहे ते बोल," आजोबा म्हणाले.

"सुंदर आहेत. पण सगळ्यांचे खांदे कानाला टेकलेत. हे सगळे माझे पेशंट व्हायचे."

ते पोट धरून हसले. कोपऱ्यातला एक ठोकळा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "मग तूच कर एक."

मी आयुष्यात साबणाची वडीसुद्धा कोरली नव्हती. तरी दर शनिवारी सकाळी जाऊ लागले. पहिले दोन आठवडे पटाशी लाकडावर नुसतीच वाजली. "ढकलू नकोस, पातळ पातळ काढ," आजोबा सांगत. लाल भुसा केसांत घेऊन घरी आले की नवरा विचारायचा, "कुंकवाच्या कारखान्यात लागलीस का?"

मी बस स्टॉपवर उभी असलेली बाई करत होते. खांदे छान उतरले, आणि त्याच दिवशी तिचं नाक टवका उडून गेलं. मला रडूच आलं. आजोबांनी तिला फिरवून फिरवून पाहिलं.

"एका गालात अजून भरपूर लाकूड आहे. मान वळव. नाक तिकडे निघेल."

मान वळवायला महिना लागला. आता बाई रस्त्याच्या टोकाकडे बघत होती, आणि आधीपेक्षा कितीतरी जिवंत वाटत होती.

आजोबांच्या लाकूड कोरणाऱ्यांच्या ग्रुपने इथल्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यांनी तिला आपल्या माणसांशेजारी ठेवलं. माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आई, शी इज हीप्स लेट." म्हणजे इथल्या मुलांच्या भाषेत, हिला भलताच उशीर झालाय.

तेवढ्यात दोन म्हाताऱ्या बायका तिथे थांबल्या. एक म्हणाली, ही बहिणीची वाट बघतेय. दुसरी म्हणाली, छे, बहिणीसाठी कोण इतकं ताटकळतं, हिचा मुलगा यायचाय. दोघी इरेला पेटल्या. बसचं नाव कुणीच काढलं नाही. मीही मध्ये पडले नाही. चहाचा कप घेऊन शेजारी उभी राहिले आणि ऐकू लागले.