आठ दिवस पाणी नाही

घाटकोपरच्या चाळीत राहत असताना आमच्या गॅलरीतल्या तुळशीने एकदा माझी झोप उडवली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे तेव्हा महिन्याभराचं अंथरूण. त्यासाठी सासूबाई नणंदेकडे गेल्या आणि जाताना "हिका सांभाळ गो" एवढंच म्हणाल्या. गावाहून आणून पत्र्याच्या डब्यात लावलेली ती तुळस म्हणजे त्यांचा जीव. माझ्या हाती आली आणि पिवळी पडू लागली.

देवाचं काही चुकलं असेल असं वाटून मी भक्ती वाढवली. रोज देवांना पंचामृताचं स्नान आणि ते सगळं पाणी, पायदळी येऊ नये म्हणून, तुळशीत. पाणी गळतं म्हणून खालची शेजारीण ओरडली, तेव्हा डब्याच्या भोकात चिंधीचा बोळाही मीच कोंबला. सासूबाईंना यायला दहा दिवस उरले, तुळशीला पानं उरली चार. देव्हाऱ्यापुढे बसून मी चक्क रडले. म्हटलं, आता तूच बघ, मी हात टेकले.

त्याच दुपारी एक म्हातारे गृहस्थ दारात आले. मुलीसाठी स्थळ बघायला निघाले होते, चाळ चुकले होते. साताऱ्याकडचे, बागेत माळीकाम करून निवृत्त झालेले. पाणी पिता पिता त्यांनी तुळस पाहिली, मातीत बोट खुपसून हुंगलं.

"ताई, हिला तहान न्हाई. ही बुडतीया. मुळाला वारा लागंना."

त्यांनी बोळा उपसला, सडकी मुळं छाटली, तळाला विटेचे तुकडे घातले आणि डबा सकाळचं ऊन येतं तिकडे सरकवला. "आता आठ दिस पाणी घालायचं न्हाई. मग बी चूळभरच."

"आणि देवाचं पाणी?"

"खालच्या पिंपळाला घाला की. त्यो पचवंल."

हात आवरणं मला कुठल्याही उपासापेक्षा जड गेलं. नवव्या दिवशी शेंड्याला राईएवढे दोन हिरवे कोंब दिसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, काळा चष्मा लावून थेट गॅलरीत. माती चाचपली नि तांब्या उचलला. "माती सुकली हा गो!" बारा वर्षांत मी त्यांना कधी अडवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा हात धरला आणि सगळं कबूल केलं, बोळ्यासकट. त्यांनी कोंबांवरून हलकेच बोट फिरवलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "आता तूच बघ हिच्याकडे," म्हणाल्या.

ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. त्यांना कोणी धाडलं हे ठरवायला मी जात नाही, रोज हात तेवढे जोडते. जगवणारा जगवत होता, मीच मध्ये लुडबुडत होते. हे त्याने न रागावता समजावलं, याचं सुख अजून वाटतं.