आबेदाबीनं न सांगितलेली माहिती

पौडच्या आबेदा मणियारणीला निम्म्या मुळशी तालुक्याची खडान्‌खडा माहिती होती, आणि तिच्यापुढं डोकं आपटलं तरी त्यातली एक ओळ बाहेर पडत नसे. पंचवीस वर्षं डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं घेऊन ती वाड्यावस्त्या तुडवत होती. बायकांचे हात हातात घेऊन बसणारी बाई ती! कुणाची सून रुसलीय, कुणाला कितवा महिना चाललाय, सगळं तिला न विचारता कळायचं. पण या घरचं त्या घरी? नाव नको. कुणी खोदून विचारलंच, तर असा काही भोळा चेहरा करायची की विचारणाऱ्यालाच लाज वाटावी. या गुणाचा तिला केवढा गर्व! मान कायम ताठ. विचारलं तर म्हणे, गाठोड्यानं तशी सवय लागलीय.

तर १९८३ साली पुण्याहून वाल्मीक नावाचा एक किडमिडीत संशोधक पौडात उतरला. ‘माहितीप्रणाली आणि निर्णयप्रक्रिया’ या विषयावर तो प्रबंध लिहीत होता. म्हणजे काय, हे त्यानं भेटेल त्याला समजावून सांगितलं, आणि भेटेल त्यानं चहा पाजून त्याला पुढच्याकडं धाडलं. मुद्दा तसा साधा होता. डोंगरपट्ट्यात एक नर्स नेमायची होती, एकच. ती कुठं बसवायची हे आजवर कुणाच्या तरी मर्जीनं ठरायचं; या खेपेला माहितीवरून ठरवू, असं वरच्या साहेबांनी कबूल केलं होतं. वाल्मीक घरोघर फॉर्म भरणार, फॉर्मवरून कार्डांना भोकं पाडणार, ती कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरला खायला घालणार, आणि कॉम्प्युटर गावाचं नाव सांगणार.

वाट दाखवायला त्यानं आबेदाबीला गाठलं.

“मावशी, तुम्हाला घरोघर ओळखतात.”

“वळखत्यात की,” आबेदाबी म्हणाली आणि मान आणखी दोन बोटं ताठ झाली. “चला.”

वरच्या वाडीत फुलाबाईच्या अंगणात त्यानं फॉर्म उघडला. पोरगा हुशार, पण अक्कल पुण्यातच विसरून आलेला. अख्ख्या वाडीसमोर, खणखणीत आवाजात त्यानं विचारलं, “घरात गरोदर बाई कोण?”

बायकांनी पदर तोंडाला लावले. अहो, पोटातलं मूल कुणी असं मोजतं का? ते बोलायचं नसतं, आणि परक्या पुरुषाच्या कागदावर तर मुळीच चढवायचं नसतं. नजर लागते.

“कुनी न्हाई,” फुलाबाई म्हणाली. तिची सून गंगू आत कळशी उतरवत होती. तिला पाचवा लागला होता.

“गेल्या दोन वर्षांत बाळंतपणं?”

“न्हाई.”

वाल्मीकनं शून्य मांडलं. पुढच्या घरी शून्य, त्याच्या पुढच्या घरीही शून्य. आबेदाबी शेजारीच मूग गिळून बसली होती. उतरताना वाल्मीक कौतुकानं म्हणाला, “कुटुंबनियोजन फार छान पोचलंय हो इथं, मावशी!” आबेदाबीला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून तिनं तोंडावर पदर घेतला.

दोन महिन्यांनी, पौडच्या बाजाराच्या दिवशी, वाल्मीकची स्वारी नाचतच आली. आबेदाबी फुलाबाईच्या हातात बांगड्या भरत होती. मागं वाडीच्या आणखी दोघीजणी आपली पाळी यायची वाट बघत होत्या.

“मावशी, उत्तर आलं! उद्या साहेबांना देतो. नर्स रस्त्याकडच्या गावात. वरच्या वाडीत गरजच नाही. हे बघा, शून्य!”

आबेदाबीचं हसू पार मावळलं. गेल्या साली गंगूला कळा लागल्या, तेव्हा वाडीतल्या देवूनं आणि बुधानं तिला डोलीत घालून डोंगर उतरवला होता. पौड यायच्या आत मूल गेलं. गंगू वाचली ती केवळ नशिबानं. आता पुन्हा तोच डोंगर आणि तीच डोली. आबेदाबीला स्वतःचा असा संताप आला म्हणता! पंचवीस वर्षांचा तो गर्व त्या घडीला तिला कवडीमोल वाटला.

“चुकलंय हे,” ती म्हणाली.

“कॉम्प्युटर चुकत नाही, मावशी.”

“त्या बिचाऱ्याला कशाला बोल? मी शेजारी बसून गप ऱ्हायले, ती चुकले.”

वाल्मीकचा चेहरा पडला. पण गडी मनाचा चांगला. त्यानं लगेच पेन काढलं. “मग तुम्ही सांगा. घर, नाव, महिना. आत्ता दुरुस्त करतो.”

फुलाबाईचा हात अजून आबेदाबीच्या हातात होता, आणि तो लाकडासारखा ताठ झाला होता. सांगितलं तर नर्स येईल. पण वाडीतली एकही बाई पुन्हा तिच्यापुढं हात करणार नाही, आणि त्यांचं काही चुकणारही नाही.

“दुसऱ्याच्या घरचं मी न्हाई सांगायची,” ती म्हणाली. “माझं लिव्हा.”

“तुमचा फॉर्म आहे ना माझ्याकडं. झालेली मुलं, तीन.”

“पाच झाली. दोन गेली. मोजायचं भ्या वाटतं, म्हनून तीन सांगितली.”

भर बाजारात, शेजारी लोक कांदे निवडत असताना, आबेदाबी हे बोलली. वीस वर्षांत तिनं तो आकडा नवऱ्यासमोर, इब्राहिमसमोरसुद्धा उच्चारला नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. “या अल्ला, लिव्हा की! माझ्या तोंडाकडं काय बघताय?”

वाल्मीकनं तीन खोडून पाच केले.

फुलाबाईनं हात सोडवून घेतला नाही. “माझ्या सुनंचं लिव्हा,” ती हळूच म्हणाली. “गंगू. सातवा हाय.” मग मागच्या बाईनं आपलं सांगितलं, तिच्या शेजारणीनं जावेचं. वाल्मीकचा हात लिहायला पुरेना.

“आन् गेल्या साली आमचं एक गेलं,” फुलाबाई म्हणाली. “वाटंतच. ते बी लिव्हा.”

वाल्मीकनं फॉर्म उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. त्याचे कान लाल झाले. “आजी, गेलेल्या मुलाला... फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही.”

“मग आखा,” फुलाबाई म्हणाली.