हॉटेल, हॉस्पिटल आणि किशोरीबाई

किशोरीबाईंनी मला हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आता त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि मी मालवणात वह्या-पेनांचं दुकान चालवतो. त्यांच्याबद्दल चार बऱ्या ओळी शांतपणे लिहाव्यात असं फार दिवस मनात होतं. पण गेल्या मंगळवारी जे झालं, त्यानंतर शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

बाई शब्द पाठ करून घेत नसत. फळ्यावर झाड काढत. शब्द एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो, असं म्हणत. त्यांचं आवडतं झाड होस्टचं. मुळाशी त्या लिहायच्या 'होस्पेस'. हा लॅटिन शब्द. दारात आलेला पाहुणाही होस्पेस आणि त्याला घरात घेणाराही होस्पेस. त्यातून फुटलं हॉस्पिटल. ते पूर्वी दवाखाना नव्हतंच. वाटसरू, यात्रेकरू, निराधार यांना पाठ टेकायला दिलेली जागा होती ती, आजाऱ्यांची वेगळी सोय पुढे झाली. त्याच फांदीवर फ्रेंचांच्या तोंडून हॉस्टेल आणि हॉटेल आले. हॉस्पिटॅलिटी म्हणजे आलेल्याचं करणं-सवरणं. मग दुसऱ्या बाजूला बाई एक काटेरी फांदी काढायच्या, हॉस्टाइल. म्हणजे वैरभावाचा. त्याच्या मुळाशी 'होस्टिस'. आधी त्याचा अर्थ नुसता परका, मग शत्रू. ह्या दोन मुळांचं रक्ताचं नातं आहे असं जाणकार मानतात.

"परको माणूस दारात इलो," बाई खडू आपटत म्हणायच्या, "तर तेका पाणी देवचा काय कुत्रो सोडूचो, तां तुमी ठरवा. शब्द तां ठरवचो नाय."

खरं तर आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. उन्हातून माणूस आला की आधी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा, नाव-गाव मागाहून. आणि त्याला जोडून दुसरा नियम, की जेवू घातलेलं कधी बोलून दाखवायचं नाही. बाई दोन्ही नियम कडकपणे पाळतात. दुसऱ्या नियमावरून माझं त्यांच्याशी भांडण आहे.

शेवंती माझ्याच वर्गातली, बाईंचीच विद्यार्थिनी. नवरा होडीत पडला, कंबर गेली, तेव्हापासून तो घरी आणि घर तिच्या पगारावर. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये ती चार वर्षं काउंटरला होती. मागच्या आठवड्यात तिथले नारळ पाडायला आलेला म्हातारा शंकर माडावरून उतरला आणि भोवळ येऊन पायरीवरच बसला. शेवंतीने त्याला धरून आत आणलं, पंख्याखाली वेताच्या खुर्चीत बसवलं, पाहुण्यांच्या ग्लासातून पाणी दिलं, स्वयंपाकघरातून गूळ आणून दिला. कुणा पर्यटकाने त्याचा फोटो काढला आणि लॉबीत कोणीही येऊन बसतं, अशी तक्रार नेटवर टाकली. दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या हातात कागद पडला. कामावरून काढण्याचं कारण लिहिलं होतं, 'पुअर हॉस्पिटॅलिटी'. ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि रिसॉर्टचा मालक कोण? समर्थ! कुडाळच्या पलीकडचं त्याचं गाव, तिथे तेव्हा सातवीपुढे शाळा नव्हती. आठवी ते दहावी हा मुलगा बाईंच्या घरी राहिला. पडवीत त्याची खाट असायची. टायफॉइड झाला तेव्हा बाई अकरा दिवस शाळेत आल्या नाहीत, त्याच्या उशाशी बसून होत्या. हॉस्टेल, हॉटेल, हॉस्पिटल, तिन्ही त्याला एका घरात मिळाली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे म्हणतात ते हेच!

मंगळवारी दुपारी बाई, शेवंती आणि मी रिक्षाने रिसॉर्टकडे निघालो. वाटेत मी म्हटलं, "बाई, तेका जरा जुनी आठवण करून देवया."

"खबरदार! जेवाक घातलेला कोण बोलान दाखवता?"

समर्थने आपल्या केबिनमध्ये उठून नमस्कार केला. बाई मालवणीत बोलत होत्या आणि हा त्यांना पुस्तकी मराठीत उत्तरं देत होता. "भावना समजतात, बाई. पण लॉबी फक्त गेस्टसाठी आहे. पॉलिसी सगळ्यांना सारखी." बाईंना गेस्ट शब्दाचा अर्थ हा शिकवणार! शेवटी त्याने मोठेपणा दाखवला. शेवंतीने इंग्रजीत माफी लिहून दिली तर तो तिला परत घेईल. "तुम्हीच लिहून द्या ना, बाई. तुमचं इंग्रजी उत्तम."

मी तोंड उघडलं. बाईंनी टेबलाखालून माझं मनगट असं दाबलं की शाळेतली छडी आठवली. मग त्यांनी कागद ओढला, शेवंतीच्या नावाने इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या आणि तिला वाचून दाखवल्या. त्यांचा अर्थ असा: उन्हातल्या माणसाला मी पाणी दिलं. त्याचं नाव आधी विचारलं नाही. तसा माणूस पुन्हा आला तर पुन्हा देईन.

"सही करतलंस? नीट इचार कर. नोकरी जातली ती तुझी, माझी नाय."

शेवंतीने कागद आपल्याकडे ओढला. मला तिचा खाटेवरचा नवरा दिसत होता, तिलाही दिसत असणार. "घराकडे काय सांगूचा तां मी बघतंय," ती म्हणाली. "पेन द्या, बाई."

समर्थने कागद वाचला. "बाई, ह्यात माफी कुठे आहे?"

"नाय आसा. तिना काय चूक करूक नाय."

"मग माझा नाइलाज आहे."

आम्ही उठलो. तासभर आम्ही त्या खोलीत बसलो होतो. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं आणि ज्या बाईंनी त्याला तीन वर्षं जेवू घातलं, त्यांना त्याने घोटभर पाणी विचारलं नाही. जेवू घातलेलं बोलून दाखवू नये, कबूल. पण समर्थला मी जेवू घातलेलं नाही, म्हणून मी हे बोलतोय आणि छापूनही आणणार आहे. बाई रागावल्या तर रागावोत.

फाटकाशी आलो तेव्हा बाईंचा घसा सुकला होता. शेवंतीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांना दिली. बाईंनी झाकण उघडलं, पण बाटली तोंडाला लावली नाही. फाटकावर उन्हात उभ्या असलेल्या वॉचमनकडे त्यांनी हात केला.

"घे रे, आधी तू पी."

त्याने खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. शेवंतीकडे पाहिलं. तिला का काढलं हे त्याला माहीत होतं. मग त्याने टोपी काढली, बाटली घेतली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करूनच घटाघटा प्यायला.

"आता नाव सांग," बाई म्हणाल्या.

"प्रीतम."