रंगांनुसार मांडलेल्या बादल्या

सांता मार्ता या बंदराच्या शहरात आमच्या टेकडीवर कोरड्या महिन्यांत टँकरच्या रांगेत माणसांऐवजी बादल्या उभ्या राहतात, आणि दुसऱ्याच्या बादलीला कुणी हात लावत नाही. खानावळ चालवणारी एउदोसिया पहाटेच आपली निळी बादली चौथ्या जागी ठेवून गेली होती. ती परतली तेव्हा पर्यटकांच्या जहाजातून उतरलेल्या एका पाहुण्याने फोटोसाठी सगळ्या बादल्या रंगांनुसार मांडल्या होत्या आणि निळ्या शेवटी गेल्या होत्या.

"माझी चौथी होती!"

"आता सगळ्यांचीच चौथी होती, बाई!" शेजारीण हेर्मिनिया खेकसली.

टँकर बाराव्या बादलीलाच रिकामा झाला.

दुपारी तोच पाहुणा खानावळीत मासे-भात मागायला आला. थंड चुलीपुढे बसलेली एउदोसिया म्हणाली, "पाणी नाही, साहेब. फोटोच खा."