एक्केचाळीस रोपं

संशोधन संस्थेच्या तळघरातली रोपखोली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे 'सावलीकाका' म्हणत. थट्टेतच म्हणत, पण खोटं नव्हतं ते. एकोणीस वर्षं तो एकाच जातीची इवलीशी रोपं मंद उजेडात जगवत आला होता.

ती त्याच्यावर सोपवली होती बाईंनी. बाई तिथल्या शास्त्रज्ञ, आता निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "लागतो त्याहून जास्त उजेड पडला, की धडधाकट पान तो उष्णता करून बाहेर टाकतं. आतले हिरवे कण कडेला सरकून अंग चोरतात. या रोपांना यातलं काहीच जमत नाही. ज्या उजेडावर बाकीची झाडं पोसतात, त्यातच ही करपतात."

"मग जगवायची कशाला?"

"यांच्यात काय नाही ते बघूनच इतरांत काय आहे ते कळतं, काका."

तेव्हापासून त्याने त्यांना पोटच्या पोरांसारखं जपलं. पण जुनं बी रुजेनासं झालं होतं. म्हणून या खेपेला त्याने उरलंसुरलं सगळं पेरलं. एक्केचाळीस उगवली, कळ्याही धरल्या. तेवढ्यात मुलीचं बाळंतपण आलं. दारावर 'दिवे बदलू नयेत' अशी ठळक चिठ्ठी डकवून तो चार दिवसांच्या रजेवर गेला.

परत येऊन दार उघडलं, तर डोळे दिपले. नवे, लख्ख दिवे! खाली सगळी पानं कागदासारखी पांढरीफटक.

वायरमन ओशाळून म्हणाला, "मी चिठ्ठी वाचली होती, काका. साहेबांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, सगळ्या खोल्या म्हणजे सगळ्या."

काकाने दिवे मालवले, कुंड्या टेबलाखाली सरकवल्या. एका रोपाच्या गाभ्यात थोडा हिरवा ठिपका होता. पाच दिवस तो त्याच्यापाशी बसून राहिला. सहाव्या दिवशी तेही गेलं.

नवे साहेब म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता? दुसरीकडून मागवू."

"दुसरीकडे कुठेच नाहीत, साहेब."

साहेब घड्याळ बघत मीटिंगला निघून गेले.

बाईंना फोन करायला त्याला आणखी दोन दिवस लागले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाचली?"

"एकही नाही."

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का, काका?"

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी बायको नातीचा फोटो दाखवत होती. "नाक अगदी तुमच्यावर गेलंय," ती म्हणाली. त्याने मान हलवली, पण नजर फोटोवर ठरेना.

आता त्या खोलीत टोमॅटोची रोपं आहेत आणि तीही त्यालाच बघायची आहेत. पाणी तो वेळच्या वेळी घालतो. पण कुठलं रोप केव्हा फुलावर आलं, असं कुणी विचारलं, तर त्याला सांगता येत नाही.