होकार आणणारी शुभा

चिडलेल्या माणसाच्या हातात आधी भरलेला ग्लास द्यावा. पाणी सांडू नये म्हणून माणूस हात जपतो, आणि हात जपणारा माणूस कुणाच्या कानाखाली आवाज काढत नाही. ही विद्या शुभा गवसला कुणी शिकवली नव्हती. नाहूरच्या चाळीत, गिरणी सुटलेले बाप आणि नळावर भांडणाऱ्या आया यांच्यामध्ये वाढलेल्या मुलीला ती आपोआप आली. पाण्याबरोबर गुळाचा खडा द्यायचा, ही आईने गावाहून आणलेली रीत. दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग विचारपूस. शुभाने त्यात आपली एवढीच भर घातली की ग्लास देताना आपण खाली बसायचं आणि विचारायचं, "गाव कुठलं तुमचं?" गावाचं नाव सांगता सांगता शिव्या देणं फार थोड्यांना जमतं.

याच विद्येवर ती सिनेमात गेली. पडद्यावर नाही, पडद्यामागे. मुलुंडच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनला असताना मिहिर नावाचा मुलगा पेशंट म्हणून आला आणि भरल्या वेटिंगरूममध्ये लघवीच्या बाटलीतून सफरचंदाचा रस घटाघटा प्यायला. कुठेतरी लपवलेला कॅमेरा चालू होता. एका आजोबांनी काठी उगारली. शुभा मध्ये पडली, गूळ-पाणी झालं, गाव निघालं, आणि थोड्याच वेळात आजोबा त्या मेल्याच्या पाठीवर थाप मारून हसत होते. मिहिरने तिथेच तिला हेरलं.

हा मिहिर मुलुंड पूर्वेच्या चांगल्या सोसायटीतला. आईवडील दोघे प्रोफेसर, बोलणं लोण्यासारखं मऊ, आणि डोक्यात गटार. मोबाइलवरच्या खोड्या करता करता तो मोठ्या पिक्चरपर्यंत पोचला होता. पिक्चर असा की माणसं खरी, फजिती खरी, फक्त फजिती करणारे नट. कांदेपोह्यांना आलेली मुलाची आई मुलीचे दात मोजते आणि शौचाचा नमुना मागते. सोसायटीच्या सभेत नवा सेक्रेटरी लिफ्टमध्ये वायू सोडणाऱ्यांना दंड लावायचा ठराव मांडतो, आणि कोण किती सोडतो याची नावं वाचतो. लोक संतापायचे, रडकुंडीला यायचे, अंगावर धावून यायचे. मग शुभा जायची.

कारण पिक्चर घेणाऱ्या कंपनीची एक अट होती. ज्याची फजिती झाली त्याने कॅमेऱ्यासमोर, आपल्या तोंडाने, "माझी हरकत नाही" म्हणायला हवं. नाही म्हटलं की ते सगळं शूटिंग कचऱ्यात. आणि शुभाच्या हातून आजवर एकही माणूस नाही म्हणून गेला नव्हता. युनिट तिला फायर ब्रिगेड म्हणायचं. तिला ते आवडायचंही. "असली कसली गं ही कॉमेडी?" असं राजेशने, तिच्या नवऱ्याने, एकदा विचारलं होतं. पण त्याचं वर्कशॉप बंद पडल्यापासून घर शुभाच्या कामावर चाललं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या खोडीच्या वेळी मात्र ती आधीच अडली होती. "मिहिर, दहाव्याची चेष्टा नको रे."

"शुभाताई, मेलंय कोण? कोणीच नाही. मग अपमान कोणाचा?" मिहिर म्हणाला.

उत्तर नसलं की आपण समोरच्याचं खरं मानतो, तसं तिनेही मानलं.

डोंगराच्या पायथ्याशी एका बंद कारखान्याच्या आवारात त्यांनी दहाव्याचा ओटा बांधला. नटांचं एक कुटुंब केलं. मेलेले मालक म्हणजे शिवदास नावाचा जाडजूड नट; ओट्यावर हार घातलेला फोटोही त्याचाच. अंगाला काळी पिसं चिकटवून तो भिंतीमागे बसला होता. खरा माणूस एकच, श्यामकांत गुरुजी. आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी आणि निवृत्तीनंतर याज्ञिकी करणारे, सडसडीत, मवाळ गृहस्थ. बाबांनी उभारलेल्या कारखान्यातच त्यांचा दहावा व्हावा अशी घरच्यांची इच्छा आहे, असं सांगून त्यांना बोलावलं होतं. कावळे येऊ नयेत म्हणून जवळच्या झाडाला मेल्या कावळ्यासारखं चिंध्यांचं बोचकं उलटं टांगलं होतं. ते बघितलं की खरे कावळे फिरकत नाहीत.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे. मग घरच्यांनी एकेक इच्छा ओळखून शब्द द्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. सगळी खोडी त्यावरच रचलेली. शुभा व्हॅनमध्ये कानात यंत्र घालून बसली होती. पिंड ठेवला गेला. कावळा नाही. मग मोठा मुलगा हात जोडून म्हणाला, "पप्पा, तुमच्या बारवाल्या शीलाला आम्ही आई म्हणू." कावळा नाही. धाकटा म्हणाला, "कपाटातल्या त्या सीड्या जाळणार नाही पप्पा, भावकीत वाटू." व्हॅनमध्ये लोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. शुभालाही हसू आलं. खोटं कशाला बोला.

आता गुरुजी चिडणार, उठणार, आणि त्याच क्षणी शिवदास काव-काव करत येऊन पिंड खाणार, असं ठरलं होतं. पण गुरुजी चिडलेच नाहीत. त्यांनी पोरांना हाताने शांत केलं. "लाजू नका. माणसाचं काहीतरी राहतंच. तुम्ही जरा लांब उभे राहा," म्हणाले. मग ते एकटेच पिंडाजवळ जाऊन बसले आणि अगदी हळू बोलू लागले. माइक केळीच्या पानाखाली होता. त्यामुळे ते जे कुणालाच सांगत नव्हते ते शुभाच्या थेट कानात आलं.

"महाराज, पोरांना बोलता येत नाही, माझ्याकडून ऐका. माझी बायको उत्तरा गेली तेव्हाही असंच झालं. ऊन कलेपर्यंत बसलो, कावळा फिरकला नाही. तिचं काय राहिलं ते मला कळलं नाही, अजून कळलेलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून मीच शिववला. आमची रेवती तेव्हा बाळंतीण, हॉस्पिटलात. तिला फोनवर सांगितलं, लगेच शिवला गं, आई समाधानाने गेली. त्या एका वाक्यावर पोरगी सावरली. पण मी रोज रात्री ते खोटं घेऊन निजतो. या पोरांवर ती वेळ आणू नका. या, महाराज."

व्हॅनमधलं हसणं थांबलं. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे शिवदास पिसं फडफडवत बाहेर आला, काव-काव करत ओट्यावर चढला आणि पिंड तोंडात कोंबू लागला. गुरुजी मागच्या मागे पडले.

"कॅमेरे चालू ठेवा," मिहिरचा आवाज कानात थरथरत होता. "शुभाताई, जा. सोनं आहे हे. फक्त हो आणा."

शुभा ग्लास आणि गूळ घेऊन निघाली. ती खाली बसली, ग्लास पुढे केला आणि सवयीने नेहमीचं सांगून टाकलं. पिक्चर आहे गुरुजी, गंमत होती, हे सगळे नट.

गुरुजींनी शिवदासकडे पाहिलं. "म्हणजे हे गृहस्थ जिवंत आहेत? कुणी गेलेलं नाही?"

"नाही गुरुजी."

"देवाची कृपा!" त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "मी आल्यापासून विचार करत होतो, इतक्या वेड्या पोरांचं आता कसं होणार." ते चक्क हसले, आणि गूळ तोंडात टाकून पाणी प्यायले. पडताना कोपर खरचटलं होतं, तेही त्यांनी उपरण्याने झाकलं. "लोकांना एका म्हाताऱ्याच्या पडण्याचं हसू येणार असेल तर येऊ दे. माझी हरकत नाही."

"येस!" मिहिर कानात ओरडला. "झालं! शुभाताई, उठा आता. काही बोलू नका."

काही बोलायचंच नव्हतं. तेवढंच काम शिल्लक होतं, गप्प राहण्याचं. गुरुजींना वाटत होतं कॅमेऱ्याने फक्त त्यांचं पडणं पाहिलं. शुभाने आता उठून नमस्कार केला असता तर पिक्चर पूर्ण, आणि पुढच्या पिक्चरचं कामही मिहिरने तिला कबूल केलं होतं. घरी राजेश वाट बघत होता. आणि कुठल्यातरी घरात रेवती नावाची एक मुलगी एके दिवशी टीव्ही लावून बसणार होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही पिंडाजवळ बसून हळू बोललात ना, तेही रेकॉर्ड झालंय."

गुरुजींचा हात ग्लासावर थांबला. "ते? तेही?"

"शब्दन् शब्द. पानाखाली माइक आहे."

त्यांनी पान उचलून पाहिलं नाही. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. "रेवती बघेल," एवढंच म्हणाले.

"मग नाही म्हणा."

"पण मी हो म्हटलं ना. शब्द दिला."

"तुम्हाला माहीत नव्हतं गुरुजी. मला माहीत होतं. मी तुमच्या हातात पाणी दिलं आणि गप्प बसले. त्याला हो म्हणत नाहीत."

कानात मिहिर एकसारखा बोलत होता. चेहरा धूसर करू, आवाज बदलू, शुभाताई प्लीज, काय करताय तुम्ही, वाट लागेल सगळ्याची. "गप रव रे मेल्या!" शुभा ओरडली आणि ते यंत्र तिने कानातून उपटून काढलं. गुरुजी दचकले. त्यांना वाटलं ते त्यांनाच.

"तुम्हाला नाही हो," ती म्हणाली. "म्हणा ना. हरकत आहे म्हणा."

जन्मभर कुठल्या यजमानाला नाही न म्हटलेला माणूस तो. त्यांचे ओठ नुसते हलले. "हरकत आहे," ते पुटपुटले.

"मोठ्याने. त्या भिंतीकडे बघून, कॅमेरा तिथे आहे."

"माझी हरकत आहे!" गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने घाबरून त्यांनी तिचा हात धरला.

मिहिर व्हॅनमधून धावत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "ते ऐकून मला रडू आलं शुभाताई. आईशप्पथ. अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच खरं होतं, आणि तुम्ही ते मारलंत. तुम्ही तर हो आणणाऱ्या!"

"हो आणत होते रे," शुभा म्हणाली. "खरं सांगून विचारलं ते आजच."

"मग उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

तिने गुळाचा डबा पिशवीत टाकला आणि गुरुजींना फाटकापर्यंत सोडायला गेली. रिक्षा थांबल्यावर पाय आत ठेवायच्या आधी ते वळले.

"बाई, माझ्यामुळे तुमचं काम तर गेलं नाही ना?"

"छे हो!" शुभा हसून म्हणाली. "मिहिर मनाचा चांगला आहे. लगेच समजलं त्याला. तुम्ही निवांत जा."

गुरुजींनी तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. असलं खोटं ओळखायला त्यांच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता. त्यांनी मान डोलावली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रिक्षात बसले.