पहिला भाग दादाला पाठ आहे

उड्या मारणाऱ्या त्या लाल चड्डीवाल्या गड्याच्या टीव्ही गेमच्या तीन कॅसेट आमच्याकडे लहानपणापासून आहेत, आणि कुठला भाग चांगला यावरून दादाचं नि माझं तेव्हापासून वाजतं. पहिला भाग सज्जन. धोका नेहमी समोरून, उजवीकडूनच येणार. खड्डा आधी छोटा दाखवणार, मग मोठा. दुसरा म्हणजे शिळ्या कढीला ऊत, फक्त खड्डे रुंद. तिसरा मात्र खरा कसाई. शत्रू मागूनही येतात आणि दर खेपेला खड्ड्यांच्या जागा बदलतात. पाठांतराला तिथं कोण विचारतो? डोळे लागतात. म्हणून मला तिसराच आवडतो.

गेल्या रविवारी माहेरी गेले. दादा शाळेची व्हॅन चालवतो. तीच घेऊन तो कर्जत स्टेशनवर मला न्यायला आला. वाटेत मोरीपाशी डाव्या हाताला रस्ता खोल खणलेला. दादानं वेग कमी केला नाही. माझ्या दारापासून खड्डा वीतभर राहिला असेल. मला वाटलं, मिजास दाखवतोय.

जेवणं झाल्यावर तिसरा भाग लावला. दादा मरायचा तो दरवेळी डावीकडून, मागून येणाऱ्यांच्या हातून. पाच वेळा, सहा वेळा. "म्हातारा झालास," मी चिडवलं. मग चहाचा कप घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, तर त्याला कप दिसेना नि मीही दिसेना.

"दादा, डोळे दाखवलेस का कुठं?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? त्या तिसऱ्या भागातच खोट हाय. पहिला लाव, एक जीव बी जायचा नाय बघ."

लावला. तो खेळत असताना मी टीव्हीच्या डाव्या कडेवर माझी ओढणी सोडली. पडद्याचा पाव हिस्सा झाकला गेला. दादा खेळतच राहिला. उडी, खड्डा, पुन्हा उडी. खरंच एक जीव गेला नाही. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"बघितलंस? आपला रस्ता बी मला असाच पाठ हाय," तो हसत म्हणाला. "उद्या सकाळी बारा पोरं न्यायचीत, आता जरा पडतो."

"मोरीपाशी डावीकडे खणलंय, ते पाहिलंस?"

"कधी खणलं?"

"सकाळी तू मला तिथूनच आणलंस, दादा."

त्यानं मान पूर्ण डावीकडे वळवली, तेव्हा कुठे त्याला ओढणी दिसली. मग खिशातून व्हॅनची किल्ली काढून त्यानं माझ्या हातात दिली.

"मग उद्या पोरांना कोण नेईल गं?"